तंबूच्या दारावरचा पहारा

अमरावती,
सोमवार, फेब्रुवारी १९५९

चि. देवराव,

तुला, घरातल्या लहानथोरांना आणि या घडीला तुझ्या ओसरीवर चहाला जो कोणी बसला असेल त्यालाही थोरल्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. सलाम आधीच पोचवून टाकतो, कारण पुढं राग आहे, आणि रागाच्या मागून सलाम पळत आलेला बरा दिसत नाही.

सुंदराबाईंचे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेला एरंडाची पानं गरम करून बांधायला सांगितली होती. ती बांधली, की पानं कोणी आणायची यावरूनच तुम्हा दोघांचं वाजलं? बंडूचा कान वाहायचा थांबला का? त्याला म्हणावं, काडी चुलीत घालायची असते, कानात नाही. (कानाविषयी मला पुढं बरंच बोलायचं आहे, तेव्हा हे पत्र त्यालाही वाचून दाखव, फक्त मी रडलो ती जागा गाळ.) पार्बता आत्याच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? तिला माणसं ओळखू येत नाहीत म्हणतोस, पण दिवाळीत मी आलो होतो तेव्हा वरच्या फळीवरचा गूळ तिनं पहिल्या झटक्यात काढला, तेव्हा डोळ्यांत अजून जोर आहे असं माझं मत. आणि तुझं पित्त? ठेचा तू सोडला नसशीलच. तुझ्या कार्डाच्या अक्षरावरून कळतं की ते जेवून उठल्या उठल्या लिहिलेलं आहे.

इकडं तुझी वहिनी बरी आहे आणि माझा दमाही बरा आहे, म्हणजे दम्याचं चांगलं चाललं आहे, माझं तितकं नाही. सगळ्यांची चौकशी झाली. आता जिची चौकशी तू तुझ्या कार्डात केलीच नाहीस, तिची मी सांगतो. ललितानं शनिवारपासून धड जेवण केलेलं नाही. "शनिवारी येतो, पोरीला घेऊन जातो, ट्रेनिंग पुरे" एवढं तू लिहिलंस, तेही कार्डावर! पोस्टमननं फाटकातूनच मला विचारलं, "काहून जी, पोरीले नेऊन राहिले काय?" गावाला आधी कळलं, मला नंतर. तुझी पोरगी भांडली नाही, रडली नाही. तिनं ट्रंक खाटेखालून ओढली आणि कपडे घडी करून ठेवायला लागली. देवराव, भांडणारी पोर बरी रे, तिला उत्तर देता येतं. घड्या घालणाऱ्या पोरीला काय उत्तर द्यायचं? परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. आत्ता उठवलीस तर वर्ष गेलं, आणि मिशनच्या शाळेत तिच्यासाठी मास्तरणीची जी जागा धरून ठेवली आहे तीही गेली. आपल्या घरात कापसाच्या जिनाच्या धुरात अक्षरं लावत शिकलेला मी एक, आणि खरी शिकलेली ही एक. तिला तू तुमच्या अकोल्याच्या, बाजाराला इकडं येणाऱ्या रामरावांच्या सांगण्यावरून घरी नेऊन भाकऱ्या थापायला बसवणार!

रामरावांनी तुला काय कळवलं ते मी ताडलं आहे. ललिता सिनेमाच्या तंबूत दिसली, हेच ना? दिसली. मी नाही म्हणत नाही. पण ती तंबूत का दिसली, हे सांगायचं तर मला माझ्या अब्रूवरचं पांघरूण काढावं लागतं. काढतो. थंडीचे दिवस आहेत, तरी काढतो.

आमच्या मिशनच्या देवळाच्या अंगाला जो जिन बंद पडला (जिथं मी तीस वर्षं फिटरकी केली आणि हा दमा कमावला), त्याच्या आवारात नाताळानंतर फिरत्या सिनेमाचा तंबू पडला. तंबू पडला तो पडला, त्याचा भोंगा आमच्या देवळाकडं तोंड करून टांगला. म्हणजे इकडं आमची संध्याकाळची प्रार्थना, तिकडं त्यांची नाचगाणी, मध्ये एक बाभळीचं कुंपण. पाळकसाहेब त्या रविवारी फार चांगलं बोलले. म्हणाले, डोळे आणि कान ही मनाची दारं आहेत. दारात कोण उभं आहे हे विचारल्याशिवाय कडी काढू नका; आत एकदा शिरलेला पाहुणा जेवल्याशिवाय उठत नाही. मला ते इतकं पटलं की मी मान हलवली. मान हलवणं ही माझी चूक. त्यांनी वरूनच पाहिलं आणि उपासनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, शेषराव, तुम्ही मंडळीचे वडील, देवळाच्या पंचांतले, तरुण पोरं तुम्हाला भितात. रोज संध्याकाळी तंबूच्या दाराशी नुसते उभे राहा. तुम्हाला पाहूनच परत फिरतील.

मी उभा राहायला लागलो. घरात त्याच दिवशी नियमही केला, की या घरात सिनेमा पाहायचा नाही, कोणी पाहिला असेल तर त्याची गोष्ट सांगायची नाही, आणि विचारायचीही नाही. तुझी वहिनी म्हणाली, "आपल्याकडं कोन पाह्यते सिनेमा? नियम कोनासाठी करून राहिले?" मी म्हणालो, नियम हा कुंपणासारखा असतो, जनावर यायच्या आधी घालावा. (ललितानं तो नियम ऐकला आणि मान हलवली. आमच्या घराण्यात मान हलवण्यानं फार नुकसान झालेलं आहे.)

तंबूच्या दारावर तिकिटं फाडायला कोण असावा? आपला नत्थुजी! जिनाचा जुना चौकीदार. त्याला माझी दया आली. म्हणाला, "फिटरसाहेब, उभे काहून? बसा न जी," आणि एक स्टूल आणून दिलं. स्टूल कुठं ठेवलं? कनातीला टेकून. पोरं त्या बाजूनं खालून शिरतात म्हणे. आता मी सांगतो, माझी पाठ तंबूकडं होती. तोंड रस्त्याकडं. पहिल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांत एक चित्र गेलं असेल तर शपथ, आणि आपण शपथ घेत नाही म्हणून नुसतं सांगतो. पण कानांचं काय? कानाला पापणी दिलेली नाही रे देवराव. माझ्या पाठीमागं, दोन हातांवर, रोज तोच सिनेमा, तेच बोलणं, त्याच जागी तीच गाडी खडखडत जायची. (नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तू विचार करायला लागशील, आणि या घराण्यात एकानं विचार केला तेवढा पुरे.)

त्यात एक बाई आहे. तिच्यावर फार अन्याय झालेला आहे, कोणी केला ते पहिल्या अर्ध्या भागात आहे, आणि त्या वेळेला दारावर गर्दी असल्यामुळं मला नीट ऐकू यायचं नाही. ती एकटी राहते. पाऊस पडत असतो. मग दारावर थाप पडते. पुन्हा थाप. ती उठते, बांगड्या वाजतात, कडी निघते, दार करकरतं, आणि तिच्या हातातली पितळेची घागर धाडकन खाली! ती म्हणते, "तुम?" आणि अख्खा तंबू, देवराव, पाचशे माणसं एका श्वासात "हाय!" करतात. की लगेच गाणं सुरू. बस. कोण आलं ते कोणी बोलतच नाही. ज्यांना दिसतं त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्याला दिसत नाही तो स्टुलावर रस्त्याकडं तोंड करून बसलेला मंडळीचा वडील.

पहिले दोन दिवस मला त्या बाईचा रागच आला. अगं, पावसापाण्याची एकटी राहतेस, आधी "कोण?" म्हणून विचारावं की नाही? आधी कडी काढायची आणि मग "तुम?" म्हणायचं, ही कुठली रीत? पाळकसाहेबांनी नेमकं हेच सांगितलं होतं. मी मनाशी म्हणालो, तरुणांच्या सभेत हाच दाखला द्यायचा. पण दाखला द्यायचा तर कोण आलं होतं ते माहीत पाहिजे ना? नवरा असेल, तर दार उघडलं ते ठीकच. पण तो बुडून मेला असं मधल्या भागात कोणीतरी सांगितलं होतं. दीर असेल, तर उघडायला नको होतं. पोलीस असेल, तर "तुम" कशाला म्हणेल, "आप" म्हणेल. अशा रीतीनं मी विचार करायला लागलो, आणि जे विचार करायला लागलो ते थांबेचना. ज्वारीवर माळा बांधून राखणदार बसवावा, त्यानं दिवसभर गोफण फिरवून पाखरं हाकलावीत, आणि पायाखालच्या कणसांचा हुरडा स्वतःच भाजून खावा, तसं माझं झालं. जेवताना मी घासाला थांबायचो. रात्रीच्या प्रार्थनेत डोळे मिटले की दारावर थाप. पाहिलं असतं तर एकच माणूस दिसला असता. पाहिलं नाही म्हणून रोज नवा येऊन उभा राहायचा. एका संध्याकाळी तर त्या दारात तूच उभा होतास, पटका बांधून. तुझी वहिनी म्हणाली, "डोये मिटून बसले अन् आतमधी तं खेळ चालू हाय. असे डोये मिटून काय फायदा?"

पण खरा घात पुढच्या रविवारी झाला. गीत उचलायचं काम माझ्याकडं. तंबू त्या वेळी बंद होता, भोंगा मुका होता, मी शुद्ध मनानं उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आपल्या नेहमीच्या गीताचे शब्द त्या घागरीनंतरच्या गाण्याच्या चालीत बाहेर पडले. पहिली ओळ संपेपर्यंत मलाच कळलं नाही.  म्हटलं आता सगळे अडखळतील, लोक माझ्याकडं पाहतील. देवराव, एकही माणूस अडखळला नाही! सबंध मंडळीनं दुसरी ओळ त्याच चालीत, बरोबर ठेक्यावर उचलली. ओळीच्या मध्ये घ्यायची ती हरकतसुद्धा म्हाताऱ्या माणसांनी घेतली. पाळकीणबाईंचा पाय ठेका देत होता. चारही कडवी झाली. इतकं एकसुरात आमच्या देवळात मी कधी ऐकलं नव्हतं. "आमेन" म्हणून सगळे खाली बसले, आणि मग कोणी कोणाकडं पाहिना. मी दाराशी ज्यांच्यासाठी बसलो होतो ती पोरं कोपऱ्यात निमूट बसली होती. (चाल त्यांनाही पाठ होती, पण त्यांचं तोंड बंद होतं. शहाणी.)

तेव्हा मला वाटलं, आता या गोष्टीचा तुकडा पाडलाच पाहिजे. एकदाच आत जायचं, दारात कोण आहे ते पाहायचं, डोक्यातली थाप बंद करायची आणि बाहेर यायचं. काटा काट्यानं काढायचा. हा विचार मला प्रार्थनेत सुचला, म्हणून मी तो चांगला धरला. (प्रार्थनेत सुचलेलं सगळंच वरून आलेलं नसतं, काही कनातीतूनही येतं, हे आता कळलं.) नत्थुजीला म्हणालो, आपली पोरं आत लपली आहेत का ते बघून येतो. तो म्हणाला, "हाव जी, बघा न निवांत. खुर्ची पुसून देऊ काय?" त्याच्या मिशीत हसू होतं, ते मी पाहिलं नाही असं केलं.

तर बुधवारची संध्याकाळ. आत अंधार, विड्यांचा धूर. पडद्यावर पाऊस. ती बाई प्रथमच दिसली; माझ्या मनात होती त्यापेक्षा पुष्कळ वाळलेली. तिच्याकडं पाहिलं आणि मला आपली माय आठवली, ज्या साली नदीला पूर आला आणि ती दिवा घेऊन बाबांची वाट पाहत दारात उभी होती, ते आठवलं, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. (ही ती जागा. बंडूपुढं वाचू नकोस.) आणि इकडं घरी, मी विसरूनच गेलो होतो, बुधवार म्हणजे माझ्याच घरी प्रार्थनासभा! पाळकसाहेब येऊन बसले, सतरंजी भरली, आणि घरधनी बेपत्ता. तुझ्या वहिनीनं ललिताला पाठवलं, जा, दारावर स्टुलावर बसले असतील. पोरगी धावत आली. स्टूल रिकामं. नत्थुजी म्हणाला, "तुये मोठेबाबा आत हायेत व बाई, पोरं शोधून राहिले." पोरगी बिचारी, जन्मात तंबूत पाय टाकला नव्हता, डोक्यावर पदर ओढून अंधारात शिरली आणि रांगेरांगेतून हाका मारायला लागली, "मोठेबाबा! ओ मोठेबाबा! चाला न घरी, पाळकसायेब येऊन बसले!"

त्याच क्षणी दारावर पहिली थाप पडली. देवराव, माझी अवस्था काय झाली असेल! पुढून बाई उठते आहे, मागून पोरगी हाक मारते आहे, चारी बाजूंनी लोक "बस खाली बुढ्या" म्हणून ओरडताहेत. मी उभा राहिलो. ललितानं माझ्या कोटाची बाही धरली. मी तिला "एक मिनिट, बाई, एकच" म्हणायला वळलो, आणि माझ्या पाठीमागं कडी निघाली, दार करकरलं, घागर पडली, "तुम?", आणि पाचशे माणसांनी "हाय!" केलं. मी गर्रकन फिरलो तर नेमकं त्याच दिवशी रीळ तुटलेलं! पडदा पांढरा फटक, आणि तंबूतले सगळे दिवे लागले. त्या उजेडात सगळ्यांनी काय पाहिलं? मंडळीचे वडील शेषराव, डोळे पुसत उभे, आणि त्यांना बाहीला धरून ओढणारी त्यांची पुतणी. त्याच उजेडात मी काय पाहिलं ते सांगू? तिसऱ्या रांगेत, मफलर नाकापर्यंत गुंडाळून बसलेले अकोल्याचे रामराव. त्यांनी तुला लिहिलं असेल की जाता जाता रस्त्यावरून दिसली. रस्त्यावरून कनातीच्या आतलं दिसत असतं तर मला आत जायची गरज पडली असती का? पण तू त्यांना काही विचारू नकोस. ते बाजारातून येताना मफलर सुकवायला बसले असतील.

घरी आलो. पाळकसाहेबांना मी सगळं सांगून टाकलं, सभेसमोरच. त्यांनी आधी मला हाताला धरून सतरंजीवर बसवलं. मग म्हणाले, शेषराव, चूक माझी. रिकाम्या घराला नुसता राखणदार बसवला की तो दाराच्या फटीतून बाहेरच बघत राहतो. घरात काही काम चालू पाहिजे, चूल पेटलेली पाहिजे, मग दारावर कोणी थापा मारल्या तरी गृहिणीला फुरसत नसते. तेव्हापासून माझी स्टुलावरून सुटका झाली. आता संध्याकाळी त्याच वेळी आम्ही देवळात गीतं शिकतो, जुन्या चालींवर, मोठ्या आवाजात, ढोलकी घेऊन. भोंग्याला पुरे पडतो असं नाही, पण निदान बरोबरीला आहोत. पोरंही येतात. परवा तंबूचा मालक पाळकसाहेबांकडं तक्रार घेऊन आला, की तुमच्या आवाजानं आमच्या लोकांना ऐकू येत नाही. इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हा देवराव, ज्याला शिक्षा करायची तो मी. अकोल्याला न्यायचंच असेल तर मला ने, पार्बता आत्याजवळ बसव, गूळ वरच्या फळीवर ठेव. ललिताला हात लावू नकोस. ती तंबूत गेली ती माझ्यासाठी, जितका वेळ होती तितका वेळ माझ्याकडं पाहत होती, आणि त्या पडद्याकडं तिनं एकदाही नजर टाकलेली नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेव. शनिवारी येऊ नकोस, नाहीतर ये, जेव, आणि एकटा परत जा. सुंदराबाईंना सलाम, बंडूला आशीर्वाद, आत्याला पायलागू.

तुझा थोरला भाऊ,
शेषराव

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. "एकदाही नजर टाकलेली नाही" इथं आलो तेव्हा खाटेजवळून ललिता म्हणाली, "मोठेबाबा, ते वाक्य खोडा. म्या पाह्यलं." मी म्हणालो, काय पाहिलंस? म्हणाली, "तुमी माह्याकडं वळले न, तवा तुमच्या खांद्यावरून दिसलं. दार उघडलं ते. कोन आलं ते." मी म्हणालो, अगं बाई, हे लिहिलं तर तुझा बाप तुला ठेवेल का इथं? वर्ष जाईल तुझं. ती म्हणाली, "जाऊ द्या. खोट्यावर राह्यली तं मी पोरायले काय शिकवू?" आणि पुन्हा घड्या घालायला लागली. तेव्हा ते वाक्य खोडलेलं समज. मी खोडलं नाही कारण कागद खराब होतो.

ता. क. दुसरा. आता मूळ काम. मी तिला सहज विचारलं, की बरं, कोण होतं दारात? तर म्हणते, "नाही सांगत. या घरात सिनेमाची गोष्ट सांगायची नाही अन् विचारायचीही नाही, तुमीच म्हटलं." मी म्हणालो, तो नियम मी मागं घेतो. म्हणाली, "तुमाले घेता येते, मले घेता येत नाही. अन् मोठेबाबा, मनाले जरा राखा." तुझ्या वहिनीनं तोंडाला पदर लावला. तेव्हा तू तिचा बाप आहेस, तुझं ती ऐकते. उलट टपाली दोन ओळी लिही, कार्डावर नको, पाकिटात, की मोठेबाबांना एकदा काय ते सांगून टाक. म्हणजे मी मोकळ्या मनानं प्रार्थनेला बसेन.

ता. क. तिसरा. ललितानं हेही वाचलं आणि म्हणाली, "बाबानं लिहिलं तरी नाही सांगणार." देवराव, आता तूच ठरव, अशा पोरीवर तू घरी नेऊन काय पहारा ठेवणार आहेस? ट्रंक मी परत खाटेखाली ढकलतो आहे. तू ती दोन ओळींची चिठ्ठी मात्र लिहून पाहा. लवकर लिही, शनिवारच्या आत.